फ्रेंच लोक राजसत्तेविरुद्ध का उठले? व्याज, मीठ, पाव आणि १७८९

घाटमाथा (धागाकर्ता)

फ्रेंच राज्यक्रांतीची कारणं विचारली की शाळेपासून पाठ असलेली यादी बाहेर येते: राजाची उधळपट्टी, राणीचा केक ('पाव नाही तर केक खा'), रूसो-व्हॉल्तेअर, शेतकऱ्यांचे हाल. यातलं बरंच खरं आहे, पण १७८९च का, हे त्यातून कळत नाही. हालच मोजायचे तर १६९३-९४ आणि १७०९ चे दुष्काळ कितीतरी भयंकर होते. लाखो माणसं मेली, तरी चौदाव्या लुईचं सिंहासन हललं नाही. सोळाव्या लुईच्या काळात तसा एकही दुष्काळ पडला नाही, आणि राज्य मात्र त्याचं गेलं.

माझ्या मते उत्तर हिशेबाच्या वहीत आहे. ज्या वर्षी सरकारी तिजोरीत खडखडाट झाला, त्याच वर्षी गरिबाच्या घरातला पाव महागला. आणि तिजोरी भरता येईना, कारण ज्यांच्याकडे पैसा होता त्यांना कर न देण्याचा कायदेशीर हक्क होता.

१७८८ चा ताळेबंद बघा. जमा सुमारे ५० कोटी ३० लाख लिव्ह्र, खर्च ६२ कोटी ९० लाख. (अंदाज यावा म्हणून: १ लिव्ह्र म्हणजे २० सू, आणि पॅरिसमधल्या साध्या मजुराची रोजची मजुरी २० ते ३० सू.) या खर्चातले जवळपास ३१ कोटी ८० लाख, म्हणजे निम्मे, फक्त कर्जापोटी जात होते. सैन्य, आरमार आणि परराष्ट्र खातं मिळून चौथा हिस्सा. व्हर्सायचा सगळा दरबार, राणी आणि राजाच्या भावांसकट, साडेतीन कोटींच्या आसपास, म्हणजे जेमतेम सहा टक्के. दरबार एका रात्रीत बंद केला असता तरी तुटीचा तिसरा हिस्सासुद्धा भरून निघाला नसता. उधळपट्टीने राजघराण्याची अब्रू गेली हे खरं, पण दिवाळं त्यामुळे निघालं नाही.

दिवाळं काढलं युद्धांनी. १७७८ ते १७८३ फ्रान्स अमेरिकन वसाहतींच्या बाजूने इंग्लंडशी लढला, त्याचा खर्च १०० कोटी लिव्ह्रांच्या वर गेला. अर्थखातं नेकरकडे होतं आणि त्याने कर न वाढवता जवळजवळ सगळा पैसा कर्जातून उभा केला. ऋण काढून सण. वर १७८१ मध्ये त्याने राज्याचा जमाखर्च छापून जाहीर केला आणि त्यात १ कोटी २ लाख लिव्ह्र शिल्लक दाखवली. युक्ती अशी होती की 'नेहमीचा' खर्च तेवढा धरला होता, युद्धाचा 'जादा' खर्च बाहेर ठेवला होता. पुस्तिका हजारोंनी खपली. पुढे जो कोणी अर्थमंत्री 'तूट आहे' म्हणाला, त्याला लोकांचा पहिला प्रश्न असे: नेकरच्या वेळी शिल्लक होती, मग पैसा खाल्ला कोणी?

२० ऑगस्ट १७८६ ला अर्थमंत्री कालोनने राजाला खरं चित्र सांगितलं. तूट १० कोटींच्या वर, युद्धकाळात बसवलेला तिसरा 'विसावा' कर (उत्पन्नाच्या विसाव्या हिश्श्याचा) मुदत संपून बंद होणार, आणि जुन्या कर्जांच्या परतफेडी दाराशी. त्याचा उपाय चांगला होता: सगळ्या जमिनीवर, मग ती सरदाराची असो, चर्चची असो की शेतकऱ्याची, एकच जमीनकर. प्रांतांमधले जकातनाके बंद, धान्यव्यापार खुला.

पुढची घसरण पायरी-पायरीने झाली.

२२ फेब्रुवारी १७८७ ला १४४ मान्यवरांची सभा भरली. त्यात बहुतेक सरदार, बिशप, न्यायाधीश, म्हणजे ज्यांची करमाफी जाणार तेच. त्यांनी आधी हिशेब मागितले, मग 'एवढा अधिकार आम्हाला नाही' म्हणत हात वर केले. एप्रिलमध्ये कालोनची उचलबांगडी झाली. त्याच्या जागी ब्रिएन आला आणि थोड्याफार फरकाने तेच प्रस्ताव घेऊन पॅरिसच्या पार्लमाँकडे गेला. हे पार्लमाँ इंग्लंडसारखी संसद नव्हे, वरिष्ठ न्यायालय. राजाचा हुकूम त्याच्या दप्तरी नोंदला गेल्याशिवाय लागू होत नसे, आणि तिथली न्यायाधीशपदं विकत घेता येत, वारसाने चालत, सोबत सरदारकीही देत. त्यांनी नोंद नाकारली: नवा कर फक्त इस्टेट्स जनरल मंजूर करू शकते, म्हणजे पाद्री, सरदार आणि बाकी जनता (तिसरा वर्ग) यांच्या प्रतिनिधींची सभा, जी १६१४ नंतर भरलीच नव्हती. राजाने त्यांना त्र्वाला हद्दपार केलं, परत बोलावलं, १९ नोव्हेंबरला ४२ कोटींचं कर्ज दडपून नोंदवायला लावलं, मे १७८८ मध्ये त्यांचे अधिकारच काढून घेतले. त्यावर प्रांतोप्रांती दंगे झाले. ७ जूनला ग्रनोब्लमध्ये लोकांनी छपरांवरून सैनिकांवर कौलं फेकली.

सावकारांनी हे सगळं पाहिलं आणि नवं कर्ज देणं थांबवलं. ८ ऑगस्टला ब्रिएनने पुढच्या मे महिन्यासाठी इस्टेट्स जनरल बोलावली, १६ ऑगस्टला सरकारने काही देणी रोखीऐवजी व्याजी कागदात द्यायचं जाहीर केलं. सरळ सांगायचं तर दिवाळं. दहा दिवसांत ब्रिएन गेला, नेकर परत आला.

निरंकुश म्हणवणारी राजसत्ता कोसळली ती इथे, ऑगस्ट १७८८ मध्ये, बॅस्टिलचा किल्ला पडण्याच्या जवळपास वर्षभर आधी. आणि ती पाडली वरच्या वर्गाने. सामान्य लोक आले ते या भगदाडातून.

मीठ, पाव, जमीनदारी, सैन्य या विषयांवर जाणकारांनी भर घालावी.

---

पिंपळपान

उत्तम धागा. कर्ज काढणं एवढं वाईट का ठरलं? इंग्लंडवरही डोंगराएवढं कर्ज होतं की.

---

घाटमाथा

पिंपळपान, बरोबर प्रश्न. दरडोई कर तर ब्रिटनमध्ये फ्रान्सपेक्षा जास्त होता. फरक दोन गोष्टींचा. तिथे कर्जाला संसदेची हमी आणि व्याजासाठी ठरावीक करांचं उत्पन्न बांधून ठेवलेलं, म्हणून पैसा स्वस्तात मिळे. फ्रान्सने अधूनमधून देणी बुडवली होती, त्यामुळे सावकार त्या जोखमीची किंमत लावत.

दुसरं म्हणजे कर्जाचा प्रकार. फ्रान्स मोठ्या प्रमाणात 'हयातभर वर्षासन' विकत असे. तुम्ही एकदा रक्कम भरायची, सरकार एका नेमलेल्या माणसाच्या आयुष्यभर दर वर्षी ठरावीक पैसे देणार. तो मेला की व्यवहार संपला, मुद्दल परत नाही. नेमलेला माणूस पैसे भरणारा स्वतःच असायला हवा असं बंधन नव्हतं. आणि खरी चूक ही, की दर वयानुसार बदलत नव्हता. एका जिवावर वर्षाला १० टक्के, मग तो जीव सत्तर वर्षांचा असो की पाच वर्षांचा.

जिनिव्हाच्या पेढ्यांनी हे बरोबर हेरलं. त्यांनी चांगल्या घरच्या, धडधाकट, देवी येऊन बऱ्या झालेल्या लहान मुली डॉक्टरांकडून निवडून घेतल्या. मुलीच, कारण त्या जास्त जगतात. देवी आलेल्याच, कारण त्या रोगाने पुन्हा दगावण्याची भीती नाही. अशा तीस मुलींच्या नावांवर मिळून वर्षासनं घेतली की एखादी गेली तरी बाकीच्या चालू राहतात. मग या गठ्ठ्यातले हिस्से युरोपभर विकले. हिशेब करा: १०० लिव्ह्र भरले आणि मुलगी पुढे ६० वर्षं जगली, तर सरकार ६०० लिव्ह्र देणार. ही कर्जं लवकर फिटणारी नव्हतीच.

---

कोरांटी

मिठावर लिहिते. जनतेचा रोजचा राग समजून घ्यायला हा कर सगळ्यात सोपा.

गाबेल, म्हणजे मिठावरचा कर, देशभर एकसारखा नव्हता. उत्तर आणि मध्य फ्रान्सच्या 'मोठ्या गाबेल'च्या मुलखात मिठाचा भाव शेजारच्या ब्रिटनी प्रांतातल्या भावाच्या वीस पटींहून जास्त होता, कारण ब्रिटनीने विलीन होतानाच या करातून सुटका करून घेतली होती. मधे कुठे एखादा ओढा, कुठे नुसता बांध. अलीकडे मीठ कवडीमोल, पलीकडे सोन्याच्या भावाने.

बरं, मोठ्या गाबेलच्या मुलखात कमी मीठ खाऊन चालत नसे. आठ वर्षांवरच्या प्रत्येक माणसामागे वर्षाला ७ पौंड मीठ सरकारी कोठारातून घ्यावंच लागे. हे मीठ फक्त हंडीत आणि ताटात वापरायचं. डुक्कर कापून मांस खारवायचं असेल तर त्यासाठी वेगळं मीठ, वेगळी पावती. सक्तीच्या मिठातून खारवलेलं सापडलं तर दंड. ते तपासायला गाबेलचे शिपाई घरात शिरत, पिंपं उघडत, खाटा उलट्यापालट्या करत.

साहजिकच तस्करी बोकाळली. ब्रिटनी आणि मेन प्रांताच्या हद्दीवर कुत्रे वापरत: त्याला मेनमधल्या घरी खाऊपिऊ घालायचं, ब्रिटनीत नेऊन उपाशी ठेवायचं. मग त्याला पाठीवर मीठ बांधून हद्दीवर सोडलं की ते कसं पळणार हे सांगायला नको. माणूस हत्यारासह सापडला तर गलबतावर वल्ही मारण्याची सक्तमजुरी, नंतरच्या काळात गोदीतली बेडी.

करवसुली सरकार स्वतः करत नव्हतं. जकात, मीठ, तंबाखू, दारूवरचे कर सहा वर्षांच्या मक्त्याने एका मक्तेदार मंडळाला दिलेले, सरकारला ठरलेली रक्कम आगाऊ आणि वरचं सगळं त्यांचं. साधारण ४० मक्तेदार. त्यांनी १७८० च्या दशकाच्या मध्यावर जकातचोरी रोखायला पॅरिसभोवती सुमारे २४ किलोमीटरची भिंत बांधायला घेतली, नाक्यांवर देवळांसारख्या खांबांच्या चौक्या. शहरात येणारी दारू, जळण, मांस सगळ्यावर पट्टी. १२ जुलै १७८९ च्या रात्रीपासून लोकांनी आधी जाळले ते हे नाके, ५४ पैकी ४०. बॅस्टिल नंतर.

---

सांजवारा

+१ कोरांटी. रसायनशास्त्रज्ञ लाव्हाझिए त्याच मक्तेदारांपैकी एक, आणि भिंतीची कल्पना मांडणाऱ्यांतला. ८ मे १७९४ ला २८ मक्तेदारांना गिलोटिनवर चढवलं, त्यात तोही होता. एवढा मोठा शास्त्रज्ञ, पण लोकांनी त्याला ओळखलं ते जकातीवरून.

---

नदीकाठ

पावाचं गणित मांडतो, कारण 'महागाई' हा शब्द फार मोघम आहे.

पॅरिसच्या मजुराचं मुख्य अन्न चार पौंडी पाव, साधारण दोन किलोचा. लहानशा कुटुंबाला रोज एक तरी लागणारच. साध्या वर्षी किंमत ८ ते ९ सू. फेब्रुवारी १७८९ मध्ये साडेचौदा सू.

मजुरी २५ सू धरू. पण रविवार आणि चर्चचे सणवार मिळून वर्षातले शंभरावर दिवस बिनपगारी. २५० दिवसांची कमाई ३६५ दिवसांवर पसरली तर रोजचे हातात सुमारे १७ सू. साध्या वर्षी त्यातले निम्म्याच्या आसपास पावाला जात. १७८९ मध्ये १७ पैकी साडेचौदा, म्हणजे ८५ टक्के. उरलेल्या अडीच सूमध्ये भाडं, जळण, मेणबत्ती, कपडे, आजारपण.

हे घडलं कसं? १७८७ चं पीक चांगलं आलं होतं, पण त्याच वर्षी जूनमध्ये ब्रिएनने धान्याची निर्यात खुली केली आणि साठे बाहेर गेले. पुढच्या वर्षी पीक आधीच कमी, त्यात १३ जुलै १७८८ ला उत्तर फ्रान्सवर गारांचं प्रचंड वादळ आलं, कापणीला आलेलं उभं पीक झोपलं. मग हिवाळा इतका कडक की नद्या गोठल्या. पाणचक्क्या बंद, म्हणजे कोठीत गहू असूनही पीठ नाही. जलमार्ग बंद, म्हणजे एका प्रांताचं धान्य दुसऱ्याला नाही. बर्फ वितळलं तसे पूर आले.

आणि सगळ्यात वाईट महिना जुलै. जुनं धान्य संपत आलेलं आणि नवं अजून मळायचं. १७८९ मध्ये भाव जुलैच्या मध्यावरच शिखराला होते.

आता दुसरी साखळी. कमाईचे ८५ टक्के पावात गेल्यावर कापड कोण घेणार? विणकरांचं काम बुडालं. १७८६ च्या इंग्लंडबरोबरच्या व्यापारी तहाने इंग्रजी सुती कापड कमी जकातीत येऊ लागलं होतं, रूआँ, आमियाँ, त्र्वा इथले माग आधीच बंद पडत होते. म्हणजे पाव महाग आणि हाताला काम नाही, दुष्काळात तेरावा महिना. एप्रिलच्या शेवटी पॅरिसच्या सेंट-आंत्वान उपनगरात भिंतीचे कागद बनवणाऱ्या रेव्हेयोंच्या कारखान्यावर आणि घरावर जमाव तुटून पडला, कारण मजुरी १५ सूवर आणायला हवी असं तो बोलल्याची बातमी पसरली होती. सैन्याने गोळीबार केला, बरेच मेले.

---

शिरवा

नदीकाठ, १७८३ मध्ये आइसलंडचा लाकी ज्वालामुखी फुटला त्यामुळे पिकं गेली आणि क्रांती झाली असं बऱ्याच ठिकाणी वाचायला मिळतं. त्यात तथ्य किती? आणि राणीचं केकचं वाक्य?

---

नदीकाठ

शिरवा, लाकी जून १७८३ ते फेब्रुवारी १७८४ धुमसत होता. त्या उन्हाळ्यात युरोपभर धुकं पसरलं, पुढचा हिवाळा कडक गेला, ते खरं. पण मधे १७८७ चं चांगलं पीक येऊन गेलं. १७८८ ची गारपीट पाच वर्षांपूर्वीच्या राखेच्या खात्यावर मांडता येत नाही. शिवाय निर्यात खुली करणं ज्वालामुखीने केलं नव्हतं.

केकचं वाक्य रूसोच्या आत्मचरित्रात 'एका थोर राजकन्ये'च्या तोंडी आहे, नाव नाही. तो भाग त्याने १७६० च्या दशकात लिहिला. मारी आंत्वानेतचा जन्म १७५५ चा, तेव्हा ती ऑस्ट्रियात लहान मुलगी होती. तिची बदनामी खरी झाली ती १७८५-८६ च्या हिऱ्यांच्या हाराच्या प्रकरणात: १६ लाख लिव्ह्रांचा हार, राणीच्या नावाने खोटी पत्रं, फसलेला कार्डिनल रोहाँ. तिचा त्यात हात नव्हता. पण कोर्टाने रोहाँला निर्दोष सोडलं, आणि लोकांनी त्याचा अर्थ 'राणी दोषी' असा लावला.

मला महत्त्वाची वाटते ती वेगळी समजूत. धान्य कमी पडलं की फ्रेंच लोक निसर्गाला दोष देत नसत, 'कोणीतरी साठवून ठेवलंय' म्हणत. अर्थमंत्री त्युर्गोने धान्यव्यापार खुला केल्यावर १७७५ मध्ये पीठयुद्ध म्हणून ओळखले जाणारे दंगे झाले, तेव्हाही हेच. जनतेला पोटभर पाव मिळेल हे पाहणं राजाचं काम, असा जुना अलिखित करार होता. राजाला लोक 'बाप' आणि 'भटारी' एकाच श्वासात म्हणत. ५ ऑक्टोबर १७८९ ला पॅरिसच्या बायका पावसात व्हर्सायपर्यंत चालत गेल्या आणि दुसऱ्या दिवशी राजघराण्याला पॅरिसला घेऊन आल्या, तो त्याच कराराचा तगादा होता.

---

माळरान

गावाकडची बाजू राहतेय. देशाची लोकसंख्या अंदाजे २ कोटी ८० लाख, त्यातले बहुसंख्य खेड्यात. शेतकरी बराचसा स्वतंत्र होता, पूर्व युरोपसारखा वेठबिगार गुलाम नव्हता, स्वतःची जमीनही अनेकांकडे होती. पण जमीन स्वतःची असूनही तिच्यावर जमीनदाराचे हक्क चिकटलेले.

कोणते? दरसालची रोख पट्टी. पिकातला ठरावीक वाटा. जमीन विकली तर किमतीतला वाटा. जमीनदाराच्याच चक्कीत दळायचं, त्याच्याच भट्टीत भाजायचं, त्याच्याच घाण्यात द्राक्षं पिळायची, प्रत्येक ठिकाणी मोबदला देऊन. वर चर्चचा दशमांश. तो नावाला दहावा, प्रत्यक्षात गावागणिक कमीजास्त, पण शेतातच उचलला जाई, पेंढ्या घरी नेण्याआधी. आणि राजाचे कर वेगळे.

यात सगळ्यात झोंबणारी गोष्ट रकमेच्या हिशेबात येतच नाही: जमीनदाराची कबुतरं. कबुतरखाना ठेवण्याचा हक्क त्याचा, ती पेरलेलं बी टिपणार शेतकऱ्याचं, आणि शेतकऱ्याने त्यांना मारायचं नाही. सशांचं तेच. शिकारीचा हक्क सरदाराचा, त्यामुळे कोबीच्या वाफ्यात ससा बसलेला दिसला तरी दगडसुद्धा मारायची चोरी. १७८९ च्या वसंतात गावागावांनी इस्टेट्स जनरलसाठी गाऱ्हाण्यांच्या वह्या लिहिल्या. २५ वर्षांवरच्या, करपटावर नाव असलेल्या पुरुषांनी सभेला जमून त्या तयार केल्या. त्यांत मीठ, कबुतरं, चक्की हे विषय पुन्हा पुन्हा येतात. राजा नको असं त्यांत सापडत नाही. उलट राजाला आमचे हाल माहीत नाहीत, माहीत झाले तर तो दूर करील, असा सूर असतो.

क्रांतीच्या आधीच्या दशकांत जमीनदारांनी जुनी दप्तरं उकरणारे तज्ज्ञ नेमले. विसरलेले हक्क पुन्हा नोंदवायचे, थकबाकीसकट वसूल करायचे. म्हणजे शेतकऱ्याच्या डोळ्यांसमोर जाच कमी होत नव्हता, वाढत होता.

---

पिंपळपान

मग रूसो, माँतेस्क्यू यांचं काय? की विचारांचा काही वाटा नव्हताच?

---

सांजवारा

होता, पण खेड्यातल्या माणसाने रूसो वाचून कोयता उचलला असं झालं नाही. विचारांचं काम वकील, डॉक्टर, छोटे अधिकारी यांच्यात झालं, आणि तेच पुढे तिसऱ्या वर्गाचे प्रतिनिधी म्हणून निवडून गेले. त्यांना दार बंद केलेलं होतं. १७८१ च्या सेग्यूरच्या नियमाने सैन्यात थेट अधिकारी व्हायला चार पिढ्यांच्या सरदारकीचा दाखला लागे. म्हणजे पैशाने सरदारकी विकत घेतलेल्याचा मुलगाही बाहेर.

ठिणगी पडली ती २५ सप्टेंबर १७८८ ला. ज्या पॅरिसच्या पार्लमाँची बाजू लोकांनी उचलून धरली, त्यानेच निकाल दिला की इस्टेट्स जनरल १६१४ च्याच रीतीने भरेल. म्हणजे तीन वर्ग वेगळे बसणार, प्रत्येकाला एक मत. पाद्री आणि सरदार एक झाले की २ विरुद्ध १, कायमचं. पार्लमाँची लोकप्रियता दिवसांत संपली. डिसेंबरात राजाने तिसऱ्या वर्गाचे प्रतिनिधी दुप्पट केले, पण मतं डोक्यागणिक की वर्गागणिक, हे ठरवलंच नाही. न ठरवणं ही माझ्या मते सोळाव्या लुईची सगळ्यात महाग चूक. जानेवारीत सिएसची 'तिसरा वर्ग म्हणजे काय?' ही पुस्तिका आली ती या प्रश्नावरच.

५ मेला व्हर्सायमध्ये सभा उघडली आणि सहा आठवडे याच मुद्द्यावर अडली. कोंडी फोडली गावच्या पाद्र्यांनी. पाद्रीवर्गाचे सुमारे दोन-तृतीयांश प्रतिनिधी साधे गावपाद्री होते, ज्यांच्या किमान वेतनाचा आकडा वर्षाला ७०० लिव्ह्र, तर स्ट्रासबुर्गच्या बिशपचं उत्पन्न ४ लाख. १३ जूनला प्वातूचे तीन पाद्री उठून तिसऱ्या वर्गात जाऊन बसले, मग रोज आणखी काही. १७ जूनला या सभेने स्वतःला राष्ट्रीय सभा म्हणून घोषित केलं, २० जूनला टेनिस कोर्टावर राज्यघटना होईपर्यंत न फुटण्याची शपथ घेतली, २७ ला राजाने उरलेल्यांनाही तिथेच बसायला सांगितलं.

---

शिरवा

राजाकडे सैन्य होतं. त्याने दडपलं का नाही?

---

कोरांटी

दडपायलाच निघाला होता. जूनच्या अखेरीपासून पॅरिसभोवती पलटणी जमवल्या, त्यांत बऱ्याच परदेशी. ११ जुलैला नेकरला काढून टाकलं. लोकांनी अर्थ लावला: आता सभा मोडणार आणि पावही जाणार.

पण शहरातली पलटण, गार्द फ्राँसेज, साडेतीन हजारांच्या घरातली, पॅरिसकरांत मिसळलेली. अनेकांचे संसार तिथेच, मोकळ्या वेळात छोटी कामंही करत. पाव त्यांनाही साडेचौदा सूलाच. जूनमध्येच काही तुकड्यांनी जमावावर चालून जायला नकार दिला. कैद झालेल्यांना लोकांनी ३० जूनला तुरुंग फोडून सोडवलं. बाहेरच्या पलटणींचा भरवसा खुद्द सेनापतींना नव्हता, म्हणून त्या मैदानावर नुसत्या उभ्या राहिल्या.

१४ जुलैला सकाळी लोकांनी इन्व्हॅलिड या जुन्या सैनिकांच्या आश्रयस्थानातून सुमारे ३०,००० बंदुका नेल्या, पण बंदुकीची दारू नव्हती. ती नुकतीच, २५० पिंपं, बॅस्टिलमध्ये हलवली होती. लोक तिथे गेले ते दारूसाठी. आत कैदी होते फक्त सात. रक्षणाला ८२ जुने जखमी सैनिक आणि ३२ स्विस. दुपारी गार्द फ्राँसेजने तोफा आणून दाराकडे रोखल्या तेव्हा किल्लेदार द लोनेने हार मानली. हल्लेखोरांतले ९८ मेले. त्यांत सुतार, कुलपं बनवणारे, चांभार, दारूविक्रेते असे त्या उपनगरातले कारागीर जास्त. भिकारी आणि गुंडांचा जमाव हे चित्र साफ चूक आहे.

---

घाटमाथा

सगळ्यांचे आभार, धागा फार समृद्ध झाला. आपल्याकडचा एक दुवा द्यायला हवा. त्या अमेरिकन युद्धाची एक आघाडी हिंदी महासागरातही होती. १७८२-८३ मध्ये फ्रेंच आरमारप्रमुख स्यूफ्रांचं आरमार हैदर-टिपूच्या मदतीला इंग्रजांशी झुंजत होतं. त्याआधी १७७७ मध्ये फ्रेंच वकील म्हणून सेंट-ल्युबिन पुण्यात नाना फडणविसांकडे येऊन राहिला होता. या मोहिमांचा पैसा त्याच कर्जातला. आणि टिपूने मदत मागायला पाठवलेले वकील व्हर्सायमध्ये सोळाव्या लुईला भेटले १० ऑगस्ट १७८८ ला, म्हणजे तिजोरीने हात वर करण्याच्या बरोबर सहा दिवस आधी. मानपान भरपूर झाला. सैन्य मिळालं नाही, मिळणं शक्यच नव्हतं.

---

पिंपळपान

तरी 'राजसत्तेविरुद्ध' उठाव १७८९ मध्ये झालाच नाही असं तुम्हा सगळ्यांच्या लिहिण्यातून दिसतं. मग राजाच नको, हे कधी ठरलं?

---

सांजवारा

१७९१ च्या जूनमध्ये त्याची सुरुवात झाली. २० जूनच्या रात्री राजघराणं वेष पालटून पॅरिसमधून पळालं. सेंट-मनूच्या टपालचौकीचा प्रमुख द्रुए याने राजाला ओळखलं आणि पुढच्या व्हारेन गावात अडवलं. पळाला एवढंच असतं तर कदाचित निभावलं असतं. पण जाताना तो स्वतःच्या हाताने लिहिलेलं निवेदन ठेवून गेला होता, की ऑक्टोबर १७८९ पासून मी जे मान्य केलं ते दबावाखाली केलं, मला ते मंजूर नाही. दोन वर्षं लोक 'राजा चांगला, सल्लागार वाईट' म्हणत होते. ती समजूत त्या कागदाने संपवली.

मग २० एप्रिल १७९२ ला ऑस्ट्रियाशी युद्ध, सुरुवातीचे पराभव, आणि त्याच वेळी नव्या राज्यघटनेशी निष्ठेची शपथ नाकारणाऱ्या पाद्र्यांवरच्या व पॅरिसजवळ स्वयंसैनिकांची छावणी उभारण्याच्या ठरावांवर राजाचा नकाराधिकार. राणी शत्रूची आत्या, राजा युद्धकाळात आडवा येतोय, लोकांनी काय समजायचं? २५ जुलैचा शत्रूसेनापती ब्रुन्सविकचा जाहीरनामा शेवटचा घाव ठरला: राजघराण्याला हात लावाल तर पॅरिस बेचिराख करू. तो शहरात पोचल्यावर आठवड्याभरात, १० ऑगस्टला, लोकांनी त्विलरी राजवाडा घेतला. २१ सप्टेंबर १७९२ ला राजेशाही रद्द झाली.

---

शिरवा

आणि शेतकऱ्यांना काय मिळालं? ४ ऑगस्ट १७८९ च्या रात्री सरंजामी हक्क रद्द झाले ना?

---

माळरान

शिरवा, ठरावाचं पहिलं वाक्य 'सरंजामशाही पूर्णपणे नष्ट' असं आहे, पण खालची कलमं वेगळंच सांगतात. शिकार, कबुतरखाना, वैयक्तिक वेठ हे फुकटात गेलं. जमिनीशी जोडलेली देणी मात्र 'मालमत्ता' ठरली, ती विकत घेऊन सोडवायची. १७९० मध्ये दर ठरले: रोख पट्टी असेल तर वर्षाच्या रकमेच्या २० पट, धान्यरूपात असेल तर २५ पट. तेही तुकड्यातुकड्याने नाही. जमीन विकल्यावर द्यायच्या वाट्यासारखी अनिश्चित देणीही सोबतच सोडवायची, मागची थकबाकी भरायची. मोजके श्रीमंत शेतकरी सोडले तर हे कोणाला परवडणार? दशमांश गेला, पण मालकाला तेवढी रक्कम खंडात चढवायची मुभा मिळाली, म्हणजे कुळाच्या हाती काहीच नाही.

म्हणून १७९० ते १७९२ गावं शांत झाली नाहीत. जुलै १७८९ च्या 'मोठ्या भीती'त, म्हणजे गावोगाव पसरलेल्या अफवा आणि दंग्यांच्या लाटेत, शेतकरी वाड्यांवर गेले तेव्हा त्यांनी चांदी आणि सामानाआधी दप्तर मागितलं होतं, आणि ते अंगणात आणून जाळलं होतं. कागद नाही तर हक्क सिद्ध कसा करणार, इतकं ते सरळ होतं. सभेला तिथवर यायला तीन वर्षं लागली. राजवाडा पडल्यावर, २५ ऑगस्ट १७९२ ला, कायदा उलटा फिरला: मूळ दस्तऐवज जमीनदाराने दाखवायचा, नाही तर देणं माफ. १७ जुलै १७९३ ला उरलेलं सगळं विनामोबदला रद्द झालं, आणि हक्कांची जुनी कागदपत्रं जाहीरपणे जाळायचा हुकूम त्याच कायद्यात घातला.